नाव, वय, इन्शुरन्स

आपल्या कॉलेजातून दरवर्षी काही सीनियर्स एमएस करायला अमेरिकेला जातात. त्यांची एक यादी असते, ती नोट्ससारखी या बॅचकडून त्या बॅचकडे फिरते. कुकर, कुकरच्या दोन जादा शिट्ट्या, गोडा मसाला, क्रोसिन, चष्म्याचे दोन जोड... आणि यादीच्या शेवटी एक ओळ : अगदीच जिवावर बेतल्याशिवाय ॲम्ब्युलन्स बोलवायची नाही, उबर करायची.

वाचताना सगळ्यांना हसू येतं. मलाही आलं होतं. मग माझ्या मावसबहिणीचा फोन आला.

ताई ओहायोमध्ये एमएस करते. एके दिवशी रात्रीच्या जागरणाने म्हणा, उपाशीपोटी म्हणा, लॅबमध्ये उभ्याउभ्या चक्कर येऊन पडली आणि कपाळाला खोक पडली. कोणीतरी 911 लावला. गाडी पाच-सात मिनिटांत हजर! बीपी, शुगर, बोटाला क्लिप, छातीला ईसीजीच्या वायर्स, सगळं चोख आणि अगदी प्रेमाने. गाडी निघाल्यावर मात्र त्यातल्या एकाने टॅबलेट काढला. नाव? जन्मतारीख? पत्ता? इन्शुरन्स कुठला? कार्ड जवळ आहे का? इथे सही करा. ताईच्या कपाळावर कापसाचा बोळा दाबलेला आणि कार्ड लॅबमध्ये राहिलेल्या सॅकमध्ये. ती मला म्हणाली, "अगं, मला खरंच वाटलं की नाही म्हटलं तर मध्येच उतरवतील."

तर उतरवत नाहीत, हे आधी सांगून टाकते. उत्तर काहीही आलं तरी उपचार चालूच राहतात. हॉस्पिटलच्या बाबतीत तर तिथे 1986 पासून कायदाच आहे. एम्टाला म्हणतात त्याला. इमर्जन्सीत आलेल्या माणसाला आधी तपासायचं, त्याची तब्येत सावरायची, इन्शुरन्सच्या चौकशीपायी त्याला उशीर करायचा नाही. म्हणजे गंमत बघा, हॉस्पिटलच्या दारात जी चौकशी मागे ठेवायची, ती दाराबाहेरच्या गाडीत आधीच होऊन गेलेली असते.

मग विचारतात कशाला? मी आधी त्या माणसावरच चिडले होते. नंतर ताईनेच समजावलं, आणि आपल्यासारख्या इंजिनियरिंगच्या लोकांना ते लगेच पटेल. माणूस वाईट नाही, सिस्टिमची डिझाइन तशी आहे.

1960 च्या दशकापर्यंत अमेरिकेतल्या कितीतरी गावांत ॲम्ब्युलन्स म्हणजे अंत्यविधीवाल्यांची गाडी असायची. कारण सरळ आहे, गावात माणूस आडवा झोपवून नेता येईल अशी तीच एक गाडी! (धंद्याच्या दृष्टीने दोन्हीकडून फायदा, पण ते असो.) 1966 मध्ये तिथल्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसने अपघाती मृत्यूंवर एक अहवाल काढला आणि ही दैना उघड्यावर आली. 1967 मध्ये पिट्सबर्गला फ्रीडम हाऊस नावाची सेवा सुरू झाली. तिने कृष्णवर्णीय वस्तीतल्या बेकार तरुणांना शिकवून तयार केलं, आणि आज ज्यांना पॅरामेडिक म्हणतात तशी पहिली माणसं त्यांच्यातून घडली. गाडीच्या आत अशी सगळी क्रांती झाली, पण बिल मात्र भाड्याच्या गाडीचंच राहिलं. म्हाताऱ्यांसाठीची सरकारी विमा योजना, मेडिकेअर, आजही एक मूळ दर आणि वर मैलांचे पैसे असा हिशेब करते. मैलसुद्धा पेशंट आत असतानाचेच धरायचे. पेशंटला जागेवरच बरं वाटलं आणि गाडी रिकामी परत गेली तर सहसा काही मिळत नाही. हे बदलून बघायचा एक सरकारी प्रयोग 2021 मध्ये सुरू झाला होता, तो 2023 च्या शेवटी गुंडाळला.

आता विचार करा. गाडी, औषधं, दोन शिकलेली माणसं चोवीस तास तयार ठेवायची, मग फेरी होवो न होवो. हा सगळा खर्च काढायचा कुणाकडून, तर ज्याला चक्कर आली त्याच्याकडून. घराला आग लागली तर बंबवाले घराचा विमा कुठल्या कंपनीचा ते विचारून पाइप सोडत नाहीत. त्यांचा पगार आधीच कराच्या पैशांतून झालेला असतो. ॲम्ब्युलन्सवाल्याचा तसा होत नाही (काही गावांत होतो, काही ठिकाणी स्वयंसेवकांची पथकंही आहेत, पण सगळीकडे नाही). म्हणून एका हाताने नाडी धरायची आणि दुसऱ्या हाताने ऑफिसचं काम करायचं. मेडिकेअरचा क्लेम करायला पेशंटची सहीसुद्धा लागते. सही करायच्या अवस्थेत तो नसेल तर तसं लिहून क्रूने आणि हॉस्पिटलने सह्या द्यायच्या, हीसुद्धा सोय नियमात करून ठेवली आहे. म्हणजे बेशुद्ध माणसाचाही फॉर्म पूर्ण होतो.

ताईला महिन्याभराने बिल आलं. युनिव्हर्सिटीचा इन्शुरन्स होता, पण ती ॲम्ब्युलन्स त्या इन्शुरन्सच्या यादीत नव्हती. त्यांनी काही भाग दिला, उरलेले आठशे डॉलर ताईच्या नावावर. असं अचानक बिल येऊ नये म्हणून तिथे एक कायदा आहे, 1 जानेवारी 2022 पासून लागू. त्यात हॉस्पिटल आहे, हेलिकॉप्टर-विमानाची ॲम्ब्युलन्ससुद्धा आहे. रस्त्यावरून धावणारी ॲम्ब्युलन्स तेवढी वगळलेली! चक्कर येऊन पडताना कुठली गाडी येणार हे कोण निवडणार होतं? ताईने मासिक हप्ते बांधून घेतले.

पैशांपेक्षा मला जास्त भीती वाटते ती दुसऱ्या गोष्टीची. 2018 च्या उन्हाळ्यात बोस्टनमध्ये एका बाईचा पाय मेट्रो आणि प्लॅटफॉर्म यांच्या फटीत अडकला. लोकांनी मिळून डबा ढकलून धरला आणि तिला सोडवलं. मांडी हाडापर्यंत कापली गेली होती. आणि ती बाई रडत लोकांना विनवत होती की ॲम्ब्युलन्स बोलवू नका, तीन हजार डॉलर पडतात, मला परवडणार नाहीत. एका पत्रकार बाईंनी ते लिहिलं म्हणून जगाला कळलं. ॲम्ब्युलन्स आलीच, ते वेगळं. पण तिला तेव्हा कोणी काही विचारलंही नव्हतं. प्रश्न तिच्या डोक्यात आधीपासून बसलेला होता.

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर दरवर्षी चांगल्या शोमरोन्याची गोष्ट सांगायच्या. लुटारूंनी मारून टाकलेल्या वाटसरूला तो उचलतो, जखमा बांधतो, आपल्या गाढवावर बसवून धर्मशाळेत नेतो. लहानपणी एवढंच लक्षात राहिलं होतं. आता आठवतं की गोष्टीत बिलाचीही व्यवस्था आहे. तो दोन नाणी मालकाच्या हातावर ठेवतो आणि म्हणतो की जास्त लागले तर परतताना देईन. जखमी माणसाला त्यातलं काही कळतही नाही.

आता आपल्याकडचं. फर्स्ट इयरला असताना पावसात माझी रूममेट फाट्यावर ॲक्टिव्हावरून घसरली. पायाचं हाड मोडलं होतं. चहाच्या टपरीवाल्या काकांनी 108 ला फोन लावला. ही सेवा हैदराबादला 2005 मध्ये सुरू झाली. महाराष्ट्रात 2014 मध्ये आली तेव्हा 937 गाड्या होत्या, त्यातल्या 233 मोठ्या, सगळं साहित्य असलेल्या, बाकी 704 साध्या. आपल्याकडे गाडीत डॉक्टर असतो. त्या डॉक्टर मॅडमनी पायाला फळी बांधता बांधता विचारलं : नाव काय बाळा? वय? कशाची ॲलर्जी? बोटं हलवून दाखव बघू. संपलं. पैसे सरकार देतं, पेशंटकडून एक रुपया नाही, त्यामुळे विचारायला प्रश्नच शिल्लक नाही. तो प्रवास आठवला की मला आपल्या राज्याचा अभिमान वाटतो, खोटं कशाला बोलू!

पण अभिमान सिव्हिल हॉस्पिटलच्या दारापर्यंतच टिकला. एक्स-रे झाला, प्लेट टाकावी लागेल म्हणाले. काका-काकू गावाहून निघाले होते, त्यांनी फोनवर सांगितलं की खाजगीत न्या. मग खाजगी ॲम्ब्युलन्स आली आणि ड्रायव्हरदादांचा पहिला प्रश्न : "पैसे कोण देणार?" जाण्याचे आणि रिकामं परत येण्याचेही. त्या बाबतीत अमेरिकन लोक बरे म्हणायचे. तिथून पुढे काउंटरवर : "मेडिक्लेम आहे का? नाही? मग वीस हजार डिपॉझिट भरा." रूममेट स्ट्रेचरवर, आम्ही तिघी चिखलाने भरलेल्या कपड्यांत. मी विंगच्या ग्रुपवर मेसेज टाकला. दहा मिनिटांत जीपेवर साडेचौदा हजार जमले, कोणी पाचशे, कोणी दोनशे, मेसच्या मावशींनी तीनशे. उरलेले रेक्टर मॅडमनी स्वतःच्या खात्यातून टाकले. त्यांना हे छापलेलं आवडणार नाही, पण छापा.

आपल्याकडे कायदे चांगलेच आहेत. परमानंद कटारा खटल्यात सुप्रीम कोर्टाने 1989 मध्येच सांगितलं की जखमीवर उपचार आधी, कागदपत्रं नंतर. त्या खटल्याच्या मुळाशी एक स्कूटरवालाच होता. एका हॉस्पिटलने त्याला वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या हॉस्पिटलला पाठवलं आणि तो वाटेतच गेला. अपघातातल्या जखमीला घेऊन येणाऱ्या परक्या माणसाकडे पैसे मागायचे नाहीत, हे 2016 मध्ये कोर्टाने बंधनकारक केलं. 2019 मध्ये मोटर वाहन कायद्यात त्या माणसाच्या संरक्षणाचं कलम आलं आणि त्याला नावही त्याच गोष्टीतलं, गुड समॅरिटन! 2025 पासून रस्त्यावरच्या अपघातात सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार विनारोकड, ठरवून दिलेल्या हॉस्पिटलांत. हे आमच्या वेळी नव्हतं. रात्री-अपरात्री कोणाला घेऊन जायची वेळ आली तर एवढं पाठ असू द्या, आणि काउंटरवर मोठ्याने म्हणा.

मदत करणाऱ्याचे हे हक्क हॉस्पिटलच्या प्रवेशद्वाराशी लावायचे, असाही नियम आहे. महिन्याभराने रूममेटचे टाके काढायला गेलो तेव्हा मी मुद्दाम भिंती बघत फिरले. दाराशी गणपती होता, त्याच्या बाजूला कॅशलेस कंपन्यांची रंगीत यादी, आणि खाली छोट्या अक्षरांत पार्किंगचे दर.