तीन टोकांचा तारा

आमच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस जर्मनी देशांतील पांच नद्यांचीं नांवें विचारलीं, तर बहुतेकांच्या मुद्रा केविलवाण्या होतात; परंतु शाळेपुढील रस्त्यावरून तीन टोकांचा रुपेरी तारा मिरवीत एखादी मोटार गेली, कीं त्याच विद्यार्थ्यांच्या तोंडून तिचें नांव, तिचा नमुना, तिचा वेग आणि तिची किंमत हीं सर्व एका क्षणांत बाहेर पडतात. भूगोलाच्या शिक्षकांस याचा विषाद वाटावा हें साहजिक आहे. आम्हांस मात्र तसा विषाद वाटत नाहीं. ज्या वस्तूकडे मुलांचें मन आपण होऊन धांव घेतें, तिच्याच आधारानें त्यांस चार गोष्टी सांगतां येतात, असा आमचा अनुभव आहे. म्हणून यंदाच्या अंकासाठीं कांहीं लिहावें असा संपादकांचा निरोप येतांच आम्हीं मर्सिडीज-बेंझ हाच विषय घेतला. हा विषय शाळेच्या अंकास शोभणारा नव्हे, असें कांहीं पालकांस वाटेल. आमच्या दाराशीं एक जुनी दुचाकी उभी असते. तेव्हां आम्ही या विषयावर लिहितों तें अनुभवाच्या बळावर नव्हे, वाचनाच्या बळावर, हें आरंभींच सांगून टाकतों.

मुलांच्या समजुतीप्रमाणें हा तारा म्हणजे श्रीमंतीची खूण होय. आज तो तसा आहे, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. परंतु ज्यांच्या हातून ही मोटार जन्मास आली, त्यांपैकीं श्रीमंताच्या घरीं जन्मलेला असा एकही नव्हता. कार्ल बेंझ याचा बाप आगगाडीचा इंजिन-ड्रायव्हर होता. मुलगा दोन वर्षांचा असतांच तो वारला, आणि आईनें हालअपेष्टा सोसून मुलास शिकविलें. गॉटलीब डाइमलर हा शोर्नडोर्फ येथील एका पाववाल्याचा मुलगा. तिसरा विल्हेल्म मायबाख. त्याला तर वयाच्या दहाव्या वर्षापर्यंत आई आणि बाप दोघेही अंतरले होते. रॉइटलिंगन गांवीं गुस्ताव वेर्नर नांवाच्या एका धर्मोपदेशकानें निराधार मुलांसाठीं एक आश्रम चालविला होता. त्यास ब्रूडरहाउस, म्हणजे बंधुगृह, असें म्हणत. मुलांस नुसतें अन्नवस्त्र देऊन भागत नाहीं, त्यांच्या हातीं हुन्नर दिला पाहिजे, या विचारानें आश्रमास कारखाना जोडलेला होता. मायबाख तेथें यंत्रांचे नकाशे काढावयास शिकला. पुढें त्याच कारखान्याचा व्यवस्थापक म्हणून डाइमलर आला, आणि त्याची दृष्टि या पोरक्या पण कुशल मुलावर गेली. तेव्हांपासून डाइमलरच्या मरणापर्यंत ही जोडी फुटली नाहीं. आमच्यासारख्या मिशनच्या वसतिगृहांत वाढलेल्या मनुष्यास ही हकीकत वाचतांना पुस्तक खालीं ठेवून थोडा वेळ बसावेंसें वाटतें.

या दोघांनीं कान्श्टाट येथें डाइमलरच्या बागेंतील काचघरांत आपली कार्यशाळा थाटली. वेळीं-अवेळीं आंतून ठोकाठोकीचे आवाज येऊं लागले, तेव्हां हीं माणसें खोटीं नाणीं पाडीत असावींत असा माळ्यास संशय आला व त्यानें पोलिसांस वर्दी दिली, असें सांगतात. झडतींत सांपडलीं तीं इंजिनें! तिकडे मानहाइम येथें बेंझही त्याच नादांत होता. दोन गांवांमधील अंतर सुमारें शंभर किलोमीटर. तथापि दोघांचें काम अगदीं स्वतंत्रपणें चाललें होतें. २९ जानेवारी १८८६ रोजीं बेंझनें आपल्या तीन चाकी गाडीच्या पेटंटासाठीं अर्ज केला. त्या पेटंटाचा क्रमांक ३७४३५. गाडीस सिलिंडर एक, शक्ति पाऊण घोड्याची, आणि वेग ताशीं सुमारें सोळा किलोमीटर. आमच्या शाळेंतील मुलांच्या सायकली उतारावर याहून जोरांत जातात, आणि त्याबद्दल आम्हीं त्यांस अनेकदां रागें भरलों आहों. त्याच वर्षीं डाइमलरनेंही एका घोडागाडीस आपलें इंजिन बसवून चार चाकांची मोटार सिद्ध केली.

परंतु गाडी तयार होणें निराळें आणि लोकांचा तिजवर विश्वास बसणें निराळें. बेंझ हा चिकित्सक मनुष्य. अजून अमुक सुधारावयाचें राहिलें, तमुक राहिलें, असें म्हणत तो ती दूरच्या प्रवासास नेईना. ही कोंडी फोडली त्याच्या पत्नीनें. बेर्था हिनें लग्नापूर्वींच आपल्या हुंड्याची रक्कम त्याच्या अडचणींत आलेल्या धंद्यांत घातली होती. (हुंड्याचा असा सदुपयोग झाल्याचें दुसरें उदाहरण आमच्या वाचनांत नाहीं, आणि या एका उदाहरणावरून कोणी हुंड्याचें समर्थन करूं नये.) १८८८ च्या ऑगस्ट महिन्यांत एके दिवशीं पहांटे, नवरा झोंपेंत असतां, तिनें पंधरा वर्षांचा ऑयगेन व तेरा वर्षांचा रिचर्ड या मुलांस बरोबर घेतलें, गाडी बाहेर काढली, आणि ती थेट माहेरच्या वाटेला लागली. माहेर फोर्ट्सहाइम येथें, सुमारें १०६ किलोमीटर दूर.

रस्ते घोडागाड्यांचे. पेट्रोल विकत मिळण्याची सोय तेव्हां पृथ्वीवर कोठेंच नव्हती. वीस्लोख या गांवीं औषधांच्या दुकानांत लिग्रोईन नांवाचें एक तेल डाग काढण्यासाठीं मिळत असे. तें तिनें विकत घेऊन गाडींत ओतलें. इंधनाची नळी तुंबली, तेव्हां टोपीची लांब टांचणी काढून ती मोकळी केली. विजेच्या तारेचें आवरण झिजलें, तेव्हां पायमोज्याचा पट्टा काढून त्यावर गुंडाळला. साखळीची दुरुस्ती लोहाराकडून करविली. ब्रेकचे ठोकळे झिजले, त्यांवर मोच्याकडून कातडें ठोकून घेतलें. ब्रेकला अस्तर लावण्याची कल्पना ती हीच. चढ आला कीं खालीं उतरून गाडी ढकलावयाची. अंधार पडतां पडतां तीं तिघें मुक्कामास पोंचलीं, आणि मग तिनें नवऱ्यास तार केली. कांहीं दिवसांनीं ती गाडींतूनच परत आली. चढावर गाडीला बळ पुरत नाहीं ही तक्रार ऐकून बेंझनें पुढें आणखी एक गिअर बसविला. मोटारींच्या शर्यतींत नांव मिळविलेल्या वीरांचीं चित्रें आमचे विद्यार्थी वह्यांवर चिकटवितात. आमच्या मतें त्यांत पहिला मान या बाईंचा आहे.

आतां मोटारीस मुलीचें नांव कसें पडलें तें सांगूं. एमिल येलिनेक नांवाचा एक ऑस्ट्रियन व्यापारी फ्रान्समधील नीस शहरीं राहून तेथील धनिकांस डाइमलरच्या मोटारी विकीत असे. त्याच्या कन्येचें नांव मर्सिडीज. मुलगी १८८९ सालीं जन्मली होती. १९०० सालीं त्यानें एकदम ३६ गाड्यांची मागणी नोंदविली, आणि नव्या धर्तीच्या गाडीस आपल्या मुलीचें नांव द्यावें अशी अट घातली. मायबाखनें आंखलेली ही गाडी जुन्या उंच बग्गीपेक्षां ठेंगणी, रुंद, हलकी आणि ३५ घोड्यांच्या शक्तीची होती. मार्च १९०१ मध्यें नीस येथील शर्यतींत तिनें सर्वांस मागें टाकलें. आज आपण जिला मोटार म्हणून ओळखतों, तिचा आकार येथून सुरू होतो. स्पॅनिश भाषेंत मर्सिडीज या नांवाच्या मुळाशीं दया, कृपा असा अर्थ आहे.

ताऱ्याची कथा अधिक घरगुती आहे. डाइमलर तरुणपणीं डॉइट्स येथें नोकरीस असतां त्यानें बायकोस एक चित्रपत्र धाडलें, त्यांत आपलें घर दाखविण्यासाठीं तारा काढला, आणि हा तारा एके दिवशीं आपल्या कारखान्यावर उगवेल असें लिहिलें. बाप गेल्यावर मुलांस तें आठवलें. १९०९ सालीं तो तारा कारखान्याची खूण म्हणून नोंदला गेला. भूमि, जल आणि आकाश या तिहींत आपलीं इंजिनें चालावींत, म्हणून टोकें तीन. १९२६ सालीं डाइमलर व बेंझ यांचे कारखाने एक झाले, तेव्हां डाइमलरला जाऊन सव्वीस वर्षें लोटलीं होतीं.

येथें थांबलों असतों तर कथा गोड झाली असती, पण खरी झाली नसती. १९३३ सालीं जर्मनींत हिटलरची सत्ता आली. उघड्या मर्सिडीजमध्यें उभा राहून हात उंचावणारा हिटलर विद्यार्थ्यांनीं जुन्या चित्रपटांत पाहिला असेल. महायुद्धांत या कारखान्यानें विमानांचीं इंजिनें व लष्करी वाहनें घडविलीं. स्वतःचे कामगार सैन्यांत गेले, तेव्हां त्यांच्या जागीं जिंकलेल्या देशांतून सक्तीनें आणलेले स्त्रीपुरुष, युद्धकैदी आणि छळछावण्यांतील बंदिवान उभे करण्यांत आले. १९४४ सालीं कारखान्याच्या ६३,६१० कामगारांपैकीं जवळजवळ निम्मे या तऱ्हेचे होते. त्याच वर्षीं, ५ मे रोजीं, बेर्था बेंझ पंचाण्णव वर्षांची होऊन वारली.

पुढें कित्येक वर्षें या गोष्टीची फारशी वाच्यता झाली नाहीं. १९८० नंतर कारखान्यानें इतिहाससंशोधकांकडून हा काळ तपासून घेतला; १९८८ सालीं दोन कोटी मार्क देऊं केले; आणि २००० सालीं अशा पीडितांसाठीं जर्मनींत जो निधि स्थापन झाला, त्यांतही आपला वाटा घातला. हें सर्व आम्हीं वर्गांत सांगितलें, त्या दिवशीं मागच्या बाकावरील एका मुलानें विचारलें, “सर, मग ही गाडी चांगली म्हणावी कीं वाईट?” आम्हीं उलट विचारलें, “गाडी पाहिल्यावर तूं आधीं काय विचारशील? तिचा वेग, कीं ती घडविणाऱ्या हातांस मजुरी मिळाली होती का, हें?” त्यानें थोडा विचार केला व म्हणाला, “दोन्ही विचारीन, सर.” आमच्या प्रश्नापेक्षां त्याचें उत्तर चांगलें होतें.

युद्धानंतर उद्ध्वस्त झालेले कारखाने पुन्हां उभे राहिले. १९५४ सालीं पंखांसारखीं वर उघडणारीं दारें असलेली मोटार निघाली. लगेच पुढच्या वर्षीं फ्रान्समधील ल मां येथील शर्यतींत एक मर्सिडीज प्रेक्षकांत उडून ऐंशींहून अधिक माणसें मेलीं. त्या वर्षाअखेर या कारखान्यानें शर्यती सोडल्या, त्या दीर्घ काळपर्यंत. परंतु याच सुमारास कारखान्याच्या आंत एक मनुष्य निराळाच विचार करीत होता. त्याचें नांव बेला बारेनी. गाडी जितकी कणखर, तितकी ती सुरक्षित, अशी तोंवर सर्वांची समजूत. बारेनी म्हणे, टक्कर झाली असतां धक्का कोणींतरी सोसलाच पाहिजे; गाडीनें सोसला नाहीं, तर तो आंतील माणसाच्या हाडांस सोसावा लागतो. म्हणून माणसें बसण्याची जागा पोलादी पेटीसारखी भक्कम करावी, आणि पुढचा व मागचा भाग मुद्दाम असा करावा कीं तो चुरगळून धक्का गिळून टाकील. या युक्तीचें पेटंट त्याच्या नांवावर आहे, आणि १९५९ पासून ती प्रत्यक्ष गाड्यांत आली. आज साध्यांत साध्या मोटारींतही ती असते. ज्यांनीं हा तारा कधीं विकत घेतला नाहीं, अशा लाखों लोकांचे प्राण तिनें वांचविले असतील. गाडीच्या मऊ बैठकांचें वर्णन मुलें आमच्याजवळ करतात, तेव्हां आम्ही त्यांस बारेनीची ही चुरगळणारी गाडी सांगतों.

‘सर्वोत्तम, नाहींतर कांहींच नाहीं’ हें डाइमलरचें ब्रीद कारखाना आजही मिरवितो. तें सर्वदा पाळलें गेलें असें नाहीं. डिझेल गाड्यांच्या धुराच्या चांचणींत लबाडी केल्याच्या आरोपावरून २०२० सालीं अमेरिकेंत सुमारें दीडशें कोटी डॉलरांची तडजोड करण्याची पाळी या कारखान्यावर आली. उलट, एका ग्रीक टॅक्सीवाल्यानें १९७६ सालची आपली मर्सिडीज सेहेचाळीस लाख किलोमीटर चालविली आणि २००४ सालीं ती कारखान्याच्या संग्रहालयास देऊन टाकली. राजेरजवाड्यांच्या गाड्यांइतकाच मान तिला आहे, आणि तो योग्यच आहे.

आपल्याकडे १९९५ पासून मर्सिडीज मोटारी पुण्याजवळ जोडल्या जाऊं लागल्या. प्रथम पिंपरीस, आणि २००९ पासून चाकण येथील स्वतंत्र कारखान्यांत. आमचे कांहीं माजी विद्यार्थी त्या परिसरांतील कारखान्यांत कामास आहेत. परंतु तारा महाराष्ट्रांत आला तो या मोटारींबरोबर नव्हे. १९५४ सालीं टाटांच्या टेल्को कंपनीनें जर्मन कारखान्याशीं करार केला, आणि पुढें पंधरा वर्षें जमशेदपूरच्या मालट्रकांच्या तोंडावर हा तारा झळकत होता. करार संपल्यावरही ते जुने ट्रक कितीतरी वर्षें घाट चढत उतरत राहिले. मागें आम्ही वडिलांस घेऊन पुण्यास चाललों होतों, तेव्हां एक काळी मर्सिडीज शेजारीं येऊन उभी राहिली. तिची किंमत आम्हीं त्यांस सांगितली. त्यांनीं चष्मा सांवरून गाडीच्या नाकावरील खूण नीट न्याहाळली आणि म्हणाले, “अरे, ही तर कांद्याच्या ट्रकवरची चांदणी!”