नानांची वही आणि पाठभेदांचा प्रश्न

पाठचिकित्सा शिकवताना मी विद्यार्थ्यांना दर वर्षी एक प्रश्न विचारते : हस्तलिखिताची नक्कल करताना लेखनिकाच्या हातून होणारी सर्वांत घातक चूक कोणती? शब्द गाळणे, ओळ दोनदा उतरवणे, अक्षर चुकीचे लावणे, अशी उत्तरे येतात. ती बरोबरच आहेत. पण या चुका पुढच्या अभ्यासकाला ओळखता येतात. घातक चूक करतो तो शहाणा लेखनिक. मजकूर कर्त्यापेक्षा आपल्याला अधिक कळतो असे त्याला वाटते, आणि तो निमूटपणे मजकूर सुधारतो. हे मी कोणत्या ग्रंथात वाचलेले नाही. अशी एक नक्कल मी स्वतः केली आहे.

माझे वडील, ज्यांना आम्ही नाना म्हणत असू, धुळ्यात डिझेल इंजिनांचे मिस्त्री होते. मुंबई-आग्रा हा तेव्हाचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 3 आणि सुरतेहून जळगाव-नागपूरमार्गे कोलकात्याकडे जाणारा क्रमांक 6 धुळ्यात एकमेकांना छेदत. कापसाच्या गाठी घेऊन निघालेल्या, रावेर-यावलची केळी उत्तरेत पोचवून परतणाऱ्या मालमोटारी नानांच्या गॅरेजपुढे उभ्या असत. शाळा सुटली की त्यांचा डबा घेऊन मी तिथे जाई.

त्या मालमोटारींत बहुधा टाटांचे सहा सिलिंडरांचे इंजिन असे. टेल्को आणि डायम्लर-बेंझ यांचा करार 1954 मध्ये झाला आणि पंधरा वर्षे चालला. पुढे गाड्यांवरचा तीन टोकांचा तारा गेला, पण जुने चालक ‘टाटा मर्सिडीज’च म्हणत राहिले. नानांच्या हातून सर्वाधिक गेले ते 697 हे इंजिन. या आकड्याचा अर्थ त्यांनी मला व्याकरणातला समास सोडवावा तसा सोडवून दाखवला होता : सहा सिलिंडर आणि 97 मिलिमीटर बोअर. आधीचे 692 म्हणजे तेच सहा, पण बोअर 92. 697 चा स्ट्रोक 128 मिलिमीटर. सहा सिलिंडर मिळून 5675 घन सेंटिमीटर. बोअर आणि स्ट्रोकचे हेच माप डायम्लर-बेंझच्या ओएम 352 या इंजिनाचे. म्हणजे नावात कुळ नव्हते, फक्त माप होते.

सहाही सिलिंडर एका रांगेत उभे. पहिला आणि सहावा पिस्टन एकाच वेळी वर येतात, तसेच दुसरा-पाचवा आणि तिसरा-चौथा. क्रँक मधोमध दुमडली तर दोन्ही अर्धे एकमेकांवर बसतील अशी तिची रचना. त्यामुळे पिस्टनांच्या ये-जा करण्याने उठणारे धक्के परस्परांना पुरून उरतात आणि इंजिन स्थिर चालते. जळण्याचा क्रम मात्र रांगेचा नाही. तो आहे 1-5-3-6-2-4. क्रँकच्या दोन फेऱ्यांत, म्हणजे 720 अंशांत, सहा स्फोट. दर 120 अंशांना एक.

या क्रमाचे दोन तुकडे करून नाना मला ते एकाखाली एक मांडायला लावत : वर 1, 5, 3 आणि खाली 6, 2, 4. प्रत्येक उभ्या जोडीची बेरीज सात. टॅपेट लावताना ही बेरीज कामाला येते. सहाव्याचे दोन्ही रॉकर एकत्र हलू लागले, एक मिटतो आहे आणि दुसरा उघडतो आहे, की पहिल्याचे दोन्ही वॉल्व्ह पूर्ण मिटलेले असतात. त्याची फट तेव्हा मोजायची. दुसऱ्याचे हलले, तर पाचव्याची. नाना क्रँक फिरवीत आणि म्हणत, ‘दोन डोलना. सात कर.’ मी म्हणे, ‘पाच.’ मग फिलर गेज माझ्या हातात येई. एक्झॉस्टची फट इनलेटपेक्षा जास्त ठेवायची, कारण तो वॉल्व्ह जास्त तापतो आणि वाढतो. बेरजेतली माझी पहिली प्रतिष्ठा मी शाळेत नव्हे, तिथे कमावली.

इंजिन ‘मिसिंग’ करू लागले की नाना ते चालू ठेवून नोझलकडे जाणाऱ्या एकेका पाइपाचा नट किंचित सैल करीत. नट सैल होताच आवाज पडला, तर तो सिलिंडर काम करतो आहे. आवाजात काही फरक पडला नाही, तर दोष तिथे. ‘आयक, कोन बोलस नही?’ असे ते विचारत. पुढे त्यांचे कान त्याच आवाजाने गेले. शेवटच्या वर्षांत लांब पेचकसाचे टोक ब्लॉकवर टेकवून त्याची मूठ ते कानामागच्या हाडाला लावीत आणि डोळे मिटून उभे राहत.

त्यांच्याजवळ एक लांबट, तेलकट वही होती. तिच्या पहिल्या काही पानांवर मापे होती. नंतरची सगळी पाने गाड्यांची. त्यात अर्धी मराठी, अर्धी अहिराणी, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही, समासात बाण आणि खुणा. एकाच इंजिनाची नोंद चार-चार ठिकाणी, दर वेळी थोडी वेगळी.

2002 च्या उन्हाळ्यात माझे एम. ए. पूर्ण झाले. प्रमाण भाषेची नवी नवी सत्ता हातात होती. खरे सांगायचे तर त्या आधी प्रवेशअर्जात वडिलांच्या व्यवसायापुढे मी ‘मिस्त्री’ न लिहिता ‘व्यवसाय’ एवढेच लिहिले होते. बहुधा त्याचीच भरपाई म्हणून मी ठरवले, की नानांची वही नीट लिहून काढायची. जाड पुठ्ठ्याची नवी वही आणली. मापांचे तक्ते आखले. शुद्धलेखन सुधारले. पुनरुक्ती गाळली. गाड्यांच्या नोंदी मला खासगी टाचणांसारख्या वाटल्या. त्यातून ‘सर्वसाधारण नियम’ तेवढे काढून घेतले. चाळीस पानांचा मजकूर अकरा पानांत बसला याचा मला अभिमान वाटला. दिवाळीच्या साफसफाईत जुनी वही मीच रद्दीत दिली.

नानांनी नवी वही उलटून पाहिली. ‘अक्षर चांगलं शे,’ म्हणाले. नंतर ती त्यांनी कधी उघडल्याचे मला आठवत नाही. जुनी कुठे आहे, हेही त्यांनी विचारले नाही.

याच धुळ्यात 1926 मध्ये इतिहासाचार्य राजवाडे वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. एकनाथांनी 1584 मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. तिच्याही पलीकडचा पाठ शोधण्याच्या ध्यासातून राजवाड्यांनी आपल्याला मिळालेली जुनी पोथी 1909 मध्ये छापली. तिच्या प्राचीनत्वाविषयी मतभेद असोत. पण विचित्र दिसणारे रूप हेच कधीकधी पुरावा असते, ही दृष्टी आपल्याला अशा कामांनी दिली. त्या मंडळाच्या दारावरून मी हजारदा गेले असेन. पोथीतला एक जुना प्रत्यय वाचवण्यासाठी पाने भरून वाद घालावा, हे मी परीक्षेत लिहिले होते. घरातली पोथी मात्र किलोच्या भावाने गेली.

आज विचार करते तेव्हा वाटते, तांत्रिक तपशील ही संहिता आहे. 97 बाय 128 हे कारखान्यातून निघालेल्या प्रत्येक 697 चे माप. पण रस्त्यावर आलेले कोणतेही इंजिन फार काळ 97 चे राहत नाही. बोअर घासतो, रिंगा झिजतात, कुठे नवे लायनर बसते, कुठे एका सिलिंडरचा स्वभावच बदलतो. नानांच्या नोंदी हे त्या संहितेचे पाठभेद होते. नियम कोणत्याही छापील पुस्तिकेत मिळाला असता. मी तोच जपला आणि नियमापासून प्रत्येक गाडी कशी व किती ढळली, हे टाकून दिले. आता नव्या गाड्यांत इंधनाचे नियंत्रण इलेक्ट्रॉनिक असते आणि मिस्त्री आधी संगणक जोडतो. तो संगणकही विचलनच शोधतो. मला ते तेव्हा अशुद्ध लेखन वाटले.

नाना गेले त्याला चार वर्षे झाली. माझी वही जळगावच्या घरी माझ्याजवळ आहे. तिच्यातला एकही आकडा चुकीचा नाही. गेल्या महिन्यात तिच्या शेवटच्या कोऱ्या पानावर, जुन्या वहीतल्या आठवल्या तेवढ्या तीन नोंदी मी त्यांच्याच लेखनात उतरवल्या. लळिंगचा घाट उतरताना आवाज करणारी आणि सपाटीला गप्प होणारी गाडी. थंडीत तीन नंबर उशिरा उठणारी. आणि एक, जिच्यापुढे नानांनी दोष न लिहिता ‘डायवरले इचारनं’ एवढेच लिहिले होते. पहिल्या नोंदीतला एक शब्द मला आठवत नाही. अंदाजाने घालता आला असता. तिथे जागा कोरी सोडली आहे.