एका रविवारची धाव आणि रोजची गोळी

जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी, उजाडायच्या आत, सीएसएमटीसमोर हजारो धावपटू जमतात. २००४ साली सुरू झालेल्या मुंबई मॅरेथॉनमध्ये त्यांच्यातले बरेच जण कुठल्या ना कुठल्या संस्थेसाठी मित्रांकडून, ऑफिसातून देणग्या गोळा करतात. असा पैसा फिट येणाऱ्या मुलांसाठी जमला, तर मुलांचा मेंदूविकारतज्ज्ञ म्हणून मला आनंदच आहे. पण तो कसा खर्च होतो, यावर त्याचा उपकार होणार की अपाय, हे ठरतं. अपाय हा शब्द मी जपून वापरतो आहे. अपस्माराचं औषध सुरू करून मध्येच एकदम तोडलं, तर फिट नुसत्या परत येत नाहीत. कधी कधी मूल शुद्धीवर यायच्या आत पुढची सुरू होते आणि जिवावर बेततं. एका दिवसाच्या अन्नदानाने निदान त्या दिवसापुरतं तरी पोट भरतं. सहा महिन्यांच्या गोळ्या वाटून निघून जाणाऱ्या दानाचं तसं नाही.

औषधं दुर्मीळ आहेत असंही नाही. फिनोबार्बिटोन १९१२पासून वापरात आहे आणि आजही अतिशय स्वस्त आहे. नीट निदान आणि नियमित औषध मिळालं, तर ७० टक्क्यांपर्यंत रुग्णांच्या फिट थांबू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. अडतं ते ‘नियमित’पाशी. साधारणपणे सलग दोन वर्षं एकही फिट आली नाही, तरच आम्ही औषध हळूहळू कमी करण्याचा विचार करतो. दरम्यान मूल वाढतं, वजन वाढतं, डोस बदलावा लागतो. सिरिंजने मोजून द्यायचं सिरप संपलेलं असतं, तालुक्याच्या दुकानात त्याच औषधाची फक्त मोठी गोळी मिळते, आणि आई ती लाटण्याने चुरून दुधातून देते. हळूहळू विरघळणारी गोळी चुरायची नसते, हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं. म्हणून देणगीच्या हिशेबात ‘पाचशे मुलांना मदत’ असं वाचलं की मी विचारतो, किती महिने? शंभरच मुलं घ्या, पण त्यांची निदान तीन वर्षांची औषधं आणि दर महिन्याला फोन करून ‘गोळ्या किती उरल्या?’ असं विचारणाऱ्या परिचारिकेचा पगार आधी बाजूला काढा. पगारावर पैसे घालायला देणगीदार नाखूश असतात. ईईजीच्या यंत्रावर नावाची पाटी लावता येते, फोनवर कशी लावणार!

हे सरकारचं काम नाही का, असं कुणी विचारेल. आहेच, आणि ही औषधं प्राथमिक आरोग्य केंद्रात अखंड मिळावीत हा आग्रह सोडू नये. पण पुरवठा तुटला तर त्या पंधरवड्यात मुलाने काय करायचं? दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: सुमारे एक तृतीयांश रुग्णांना औषधं पुरी पडत नाहीत, मग पैसा शस्त्रक्रियेवर का लावू नये? लावावा, पण औषध चालत नाही हे ठरवायलाच दोन योग्य औषधं योग्य डोसमध्ये, न चुकता घेतलेली असावी लागतात. निम्मे डोस चुकलेल्या मुलाबद्दल तसा निष्कर्ष काढताच येत नाही. शस्त्रक्रियेची वाटही त्याच रोजच्या गोळीवरून जाते.

राहिला प्रश्न या मुलांनी स्वतः धावण्याचा. शाळा त्यांना खेळाच्या तासाला बाकावर बसवते आणि फिट आली तर कांदा, नाहीतर चप्पल नाकाशी धरते. आंतरराष्ट्रीय अपस्मार संघटनेच्या तज्ज्ञगटाने २०१६मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात धावण्याला विशेष जादा धोका नसलेल्या खेळांत बसवलं आहे. पोहणं आणि गिर्यारोहण यांची गोष्ट वेगळी. सोबतच्या माणसाला फिट आल्यावर मुलाला कुशीवर वळवणं, तोंडात काही न घालणं, घड्याळ पाहणं आणि फिट पाच मिनिटांवर गेली तर डॉक्टरांनी लिहून दिलेला मिडाझोलामचा स्प्रे नाकात मारून दवाखाना गाठणं एवढं आलं, तर छोट्या अंतराच्या शर्यतीत ही मुलंही उतरू शकतात. पी. टी.च्या शिक्षकांना हे शिकवायला एक दुपार पुरते, आणि तिचा खर्च त्या देणगीतून सहज निघेल.