वैशाखातले नागपूर आणि दोन जिवांची ती

मे महिन्यातले नागपूर पाहायचे तर सकाळी सहाला पाहावे. फुटाळा आणि अंबाझरी तलावांकाठी फिरणाऱ्यांची वर्दळ असते, भाजीबाजार गजबजलेला असतो. दहा वाजता मात्र ऊन चटके देऊ लागते. दुपारी रस्ते ओस पडतात आणि दुचाकीवरची माणसे डोके-कान दुपट्ट्याने घट्ट बांधूनच बाहेर पडतात. पारा ४५ अंशांपुढे जाणे येथे नवलाचे नाही. २३ मे २०१३ रोजी तो ४७.९ अंशांवर गेला होता.

याच दिवसांत मुंबई-पुण्याहून अनेक लेकी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी येतात. डॉक्टरांना विचारून, रात्रीच्या गाडीने यावे आणि उन्हे चढण्यापूर्वी घर गाठावे.

गरोदरपणी शरीरातले रक्त वाढलेले असते, हृदयाला जास्त काम पडते आणि बाळाची उष्णताही आईलाच बाहेर टाकावी लागते. त्यात घामावाटे पाणी कमी झाले की चक्कर येते, लघवीला जळजळते, कधी अवेळी कळाही सुरू होतात. म्हणून उन्हाळा सोसायचा नसतो, टाळायचा असतो.

कूलरचे घर

येथे घरोघरी वाळ्याच्या ताट्यांचे कूलर असतात. कोरडी हवा ओल्या ताट्यांतून येताना गार होते, म्हणून समोरची खिडकी थोडी उघडी हवीच. खोली गच्च बंद केली तर दमटपणा साचतो आणि घाम वाळत नाही. कूलरचा प्लग काढूनच पाणी भरावे. बादल्या उचलण्याचे काम गर्भवतीला देऊ नये. डास होऊ नयेत म्हणून आठवड्यातून एकदा टाकी कोरडी करून घासावी.

तहानेची वाट न पाहता माठातले पाणी दिवसभर थोडे थोडे प्यावे. लघवी गडद पिवळी झाली तर पाणी कमी पडते आहे, असे समजावे. ताक, कैरीचे पन्हे, घरी कापलेले टरबूज उत्तम. मात्र रक्तदाब असेल तर मिठाबद्दल आणि मधुमेह असेल तर साखरेबद्दल डॉक्टरांना विचारावे. बर्फाचा गोळा आणि उघड्यावर कापलेली फळे नकोत. जवळ कांदा ठेवला की ऊन लागत नाही, असे येथे म्हणतात. कांदा खुशाल ठेवा, पण पाण्याची बाटली विसरू नका.

वाळवण आणि डोहाळजेवण

खरी अडचण पुढेच आहे. उन्हाळा म्हणजे पापड-कुरडयांचा हंगाम. गच्चीवर सगळ्याजणी राबत असताना एकटीने आत कसे बसायचे, म्हणून सातव्या महिन्यातली सूनही चिकाच्या पातेल्याशी उभी राहते. तिला कोणी थांबवत नाही आणि ती स्वतः बोलत नाही. सासूबाईंनी एका शब्दाने हे थांबवावे. डोहाळजेवणही भर दुपारी, जरीच्या साडीत कशाला? संध्याकाळी, सुती साडीत आणि मोकळ्या हवेत करा. फोटो तेवढेच छान येतात.

केव्हा थांबू नये

ताप, थांबून थांबून येणाऱ्या कळा, रक्त किंवा पाणी जाणे, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर किंवा हातांवर अचानक सूज, बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही झाले तर 'ऊन लागले असेल' म्हणून घरगुती उपाय करीत बसू नका. लगेच दवाखाना गाठा. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. कोणी भोवळ येऊन बरळू लागली तर गाडी येईपर्यंत सावलीत घ्या, अंगावर पाणी शिंपडून वारा घाला. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका.

नागपूरकर उन्हाच्या घड्याळाप्रमाणे जगायला शिकले आहेत. घरातल्या गर्भवतीलाही तेच घड्याळ लावू द्या. सकाळी तिच्याबरोबर तलावाकाठी एक चक्कर मारा आणि दुपारी तिला गार खोलीत डाव्या कुशीवर झोपू द्या. पापड पुढच्या वर्षीही लाटता येतील.