सॉफ्टवेअर आधी वापरणाऱ्याला दाखवा

सरकारी पोर्टल चालेना की आपण म्हणतो, "सर्व्हर डाऊन असेल." पण दुखणं दरवेळी सर्व्हरचं नसतं, पुष्कळदा काम करून घ्यायच्या पद्धतीचं असतं.

अमेरिकेच्या एफबीआयचं बघा. केसच्या फायली संगणकावर आणायला जवळपास 17 कोटी डॉलर घातले आणि 2005 मध्ये ते सॉफ्टवेअर मोडीत काढलं. 2006 मध्ये नवा 'सेंटिनेल' प्रकल्प. 2010 पर्यंत चारपैकी दोनच टप्पे हाती! मग एफबीआयने काम स्वतःकडे घेतलं, माणसं कमी केली, अजाइल पद्धत आणली. म्हणजे दर दोन आठवड्यांनी थोडं काम पुरं करायचं, चालवून दाखवायचं, चुकलं तर तिथंच सुधारायचं. जुलै 2012 मध्ये यंत्रणा सुरू झाली.

आपल्याकडे बऱ्याचदा फीत कापून झाल्यावरच तलाठ्याला आणि सेतूतल्या ऑपरेटरला स्क्रीन दिसते. टेंडरमध्ये नुसतं 'अजाइल' लिहून भागत नाही. उद्घाटनाचे फोटो आम्ही छापतोच. त्याआधी दर पंधरवड्याला कुणाला काय चालवून दाखवलं, हेही विचारायला हवं. तुम्हीही विचारा. पैसा आपलाच आहे.