विकतचे दुवे

आमच्या सौभाग्यवतीने फराळाच्या पदार्थांचे संकेतस्थळ काढले आहे. पण गूगलवर तिचे लाडू शोधावयाचे तर चौथ्या पानापर्यंत धीर हवा. परवा एका गृहस्थांनी तोडगा सुचविला : पाच हजारांत पन्नास संकेतस्थळांवरून आमच्याकडे दुवे!

दुवा म्हणजे सांधा, आणि दुवा म्हणजे आशीर्वादही. १९९८ साली लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी गूगल काढले, ते जणू दोन्ही अर्थ जमेस धरून. ज्या पानाकडे इतर पाने बोट दाखवितात ते थोर, आणि थोराच्या बोटाला वजन अधिक. विकतच्या दुव्यांना तेथे अर्थातच मज्जाव. पैसे दिले असतील तर तशी खूण करा, म्हणतात. पण खूण केली की वजनच गेले! २०११ साली जे. सी. पेनी या बड्या अमेरिकन दुकानाकडे जाणारे असे दुवे न्यूयॉर्क टाइम्सने उजेडात आणले, तेव्हा काही शोधांत ते पहिल्या क्रमांकावरून थेट सत्तरीच्या आसपास घसरले.

तरी मोह होताच. दिवाळी तोंडावर, आणि मागणी जेमतेम.

"अहो, त्या पन्नासांपैकी लाडू कुणी चाखलाय?" हिने विचारले.

गृहस्थांना नकार कळविला. पाच हजारांचे तूप आणले.