ओल्या मातीची नांवे

रायपूर शहराला लागून, उरल्याच्या कारखान्यांशेजारी बीरगांव वसले आहे. आज तेथे महानगरपालिका आहे. परंतु हा मुलूख मूळचा भातशेतीचा. त्यामुळे ओल्या, मऊ जमिनीची पारख येथील भाषेत खोल रुजलेली आहे.

इंग्रजीतही अशा भूमीला नांवे पुष्कळ. गवत व लव्हाळे माजलेली ती मार्श, झाडे उभी असलेली ती स्वँप, आणि अर्धवट कुजलेल्या शेवाळाचे थर साचलेली ती बॉग. आयर्लंडसारख्या थंड देशात हे थर कापून, वाळवून इंधन म्हणून जाळीत. ज्या मातीशी नित्याचा व्यवहार, तिच्यासाठी स्वतंत्र शब्द घडतो.

आपला व्यवहार निराळा. मराठीत चिखल, राड, रेंदा, गाळ, दलदल हे शब्द तर आहेतच. शिवाय पाणी न निचरणारी जमीन ती चिबड, आणि पेरणीस योग्य इतकी ओल राहिली म्हणजे वाफसा आला. या वाफशाला छत्तीसगडी शेतकरी ‘बतर’ म्हणतो. कोरड्या जमिनीत पेरले तर ती खुर्रा बोनी, ओल साधून पेरले तर बतर बोनी. पुढे रोपे सुमारे महिन्याची झाली व बांधीत पाणी साचले, की उभ्या पिकातून हलका नांगर फिरवितात, ती बियासी. मराठीतील चिखल तेथे ‘चिखला’ होतो, हे ऐकून विदर्भातील वाचकांस शेजारधर्माची आठवण होईल. 1956 पर्यंत नागपूर व रायपूर एकाच प्रांतात होती.

मातीलाही तेथे चार नांवे आहेत. उंचावरील मुरमाड ती भाठा, पिवळसर ती मटासी, मधली ती डोरसा आणि सखल भागातील काळी, चिकण ती कन्हार. कन्हार पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. भातासाठी तिची ओल धरून ठेवण्याची शक्ती मोलाची; परंतु हीच हालचाल घराच्या उथळ पायाला तडे पाडते.

शेतांच्या जागी वस्त्या उठल्या, म्हणजे ही नांवे प्रथम मुलांच्या तोंडून जातात. नकाशावर भूखंडाला केवळ क्रमांक उरतो. जमीन मात्र आपला स्वभाव सोडीत नाही. यास्तव घर बांधू इच्छिणाऱ्या कुटुंबाने मातीची तपासणी तर करावीच. पण त्या जागेस पूर्वी काय म्हणत, हे गांवातील एखाद्या वृद्ध शेतकऱ्यासही विचारावे.